बॅरिस्टरची साक्ष

पुन्हा आत आणला, तरी बॅरिस्टर आलामायकडे बघायला तयार नव्हता. तो कपाटाकडे बघत होता.

"कपाटात काय आहे?" दस्तुरजींनी विचारलं.

"नानखटाईचा डबा," तेहेमतन म्हणाला.

"मग तो बाहेर काढ."

डबा बाहेर गेला. बॅरिस्टर डब्यामागोमाग बाहेर गेला.

समोरच्या खोलीत दगडी लादीवर, पांढऱ्या कपड्यांत आलामाय निजली होती. बायकांनी सकाळीच आंघोळ घातली होती. लोखंडी खिळ्याने भोवती रेघ ओढून झाली होती, आणि कोपऱ्यात चंदन जळत होतं. डॉक्टर येऊन सही करून गेले होते, पण सहीने फक्त सरकारचं समाधान होतं. पारशी माणसाच्या मरणावर शेवटचा शब्द कुत्र्याचा असतो. भुवयांवर दोन ठिपके असलेला, म्हणजे चार डोळ्यांचा कुत्रा आणायचा; गावात असा एकच, बॅरिस्टर. त्याने मेलेल्याच्या चेहऱ्याकडे टक लावून बघायचं. मग दस्तुरजींनी पुढची प्रार्थना म्हणायची आणि खांदियांनी उचलायचं. सगळं सूर्य मावळायच्या आत. एकदा सूर्य मावळला की दख्म्याचं, म्हणजे मयत गिधाडांसाठी ठेवतात त्या मनोऱ्याचं, दार कुणासाठी उघडत नाही. पारशी पंचायतीच्या अध्यक्षांसाठीही नाही, आणि अध्यक्षांनी हे आधीच विचारून ठेवलं होतं.

तेहेमतन हा गावातला शेवटचा खांदिया. गावातल्या प्रत्येक पारशाला आयुष्यात एकदा त्याची गरज लागायची, आणि त्यामुळे एरवी तो कुणालाच नको असायचा. रस्त्यात तो दिसला की म्हातारी माणसं काठी उचलून, तब्येत ठणठणीत असल्यासारखी भरभर चालायला लागत. लग्नात त्याचं टेबल वेगळं, तेही मांडवाच्या बाहेर. तरुणपणी तो मुलगी बघायला गेला होता, तेव्हा मुलीची आजी आतल्या खोलीत जाऊन कडी लावून बसली. लग्न झालं नाही. आजीला मात्र पुढे त्यानेच पोचवलं. आजवर त्याच्या हातून एकही पारशी उशिरा पोचला नव्हता. अभिमान धरावा असं त्याच्याकडे एवढंच होतं, आणि आज तेही जायची वेळ आली होती.

"काका," ओट्यावरून केरसी म्हणाला. केरसी आणि त्याचे दोन साथीदार खांदा द्यायला नवसारीहून गाडीने आले होते. गावात चार खांदिये मिळायचे दिवस कधीच संपले होते. "तुमचा बॅरिस्टर पुढची तारीख मागतोय वाटतं."

"तू गप बस. गाडीत बस."

"गाडीत ऊन आहे."

"मग उन्हात गप बस."

खरी अडचण केरसीला माहीत नव्हती. बॅरिस्टरला दोन वर्षं दिसत नव्हतं. हे जगात तिघांना माहीत होतं: तेहेमतनला, आलामायला आणि बॅरिस्टरला. त्यांतली एक आता बोलण्याच्या पलीकडे गेली होती, आणि एक आधीपासूनच कमी बोलायचा.

नव्या कुत्र्यासाठी तेहेमतनने अंजुमनच्या, म्हणजे पंचायतीच्या, समितीकडे अर्ज केला होता. समितीने विचारलं, जुन्याला काय झालं? आंधळा झाला असं लिहिलं असतं तर मधल्या काळातली सगळी मयतं पुन्हा तपासायला निघाली असती. म्हणून त्याने 'वय झालं' असं लिहिलं. समितीने ठराव केला की वय सगळ्यांचंच झालं आहे.

तेव्हापासून तेहेमतन पावावर काम भागवत होता. पावाचा तुकडा मुठीत धरून मेलेल्याच्या उशाशी गुडघा टेकायचा. बॅरिस्टर वासाने तिकडे तोंड वळवायचा आणि ठिपक्यांच्या भुवया वर करून अगदी गंभीरपणे बघितल्यासारखं करायचा. दस्तुरजी मान हलवायचे. बाकीचे रडत असायचे.

पावाचा तुकडा आजही खिशात होता. मुठीत घ्यायचा, गुडघा टेकायचा, झालं असतं. पण आलामायने नेमकं तिथेच त्याला अडकवून ठेवलं होतं.

आलामाय आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. गावातलं प्रत्येक भांडण आणि प्रत्येक सोयरीक तिच्या कानावरून गेली होती. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही, पुतण्या कॅनडात. रोज दुपारी ती ओट्यावर खुर्ची टाकून बसायची आणि चमचा कपावर वाजवायची. कपाला तडा गेला होता, त्यामुळे त्याचा आवाज बसल्या घशासारखा यायचा. तो आवाज झाला की पलीकडच्या गल्लीतून बॅरिस्टर निघायचा आणि साखळी धरून त्याच्यामागे तेहेमतन. बॅरिस्टर तिच्या गुडघ्यापुढे बसून तोंड वर करायचा. ती त्याच्या नावाने हाक मारायची, मगच नानखटाई मिळायची. नाव घेतल्याशिवाय काही द्यायचं नाही, अशी तिची शिस्त होती. एक्स्चेंजची सवय.

खांदियाचा कप कुणी घरातल्या कपांत मिसळत नाही. आलामायनेही तो बाहेर, ओट्याच्या कोनाड्यात ठेवला होता. मग एक दिवस तिने आपला तडा गेलेला कपही आणून शेजारी ठेवला.

"हा का बाहेर?" तेहेमतनने विचारलं होतं.

"कुठला वेगळा ठेवायचा ते माझ्या लक्षात राहत नाही, दिकरा. म्हातारपणी घोटाळा होतो. म्हणून दोन्ही वेगळे ठेवले."

ती त्याला खुर्चीही द्यायची. तो पायरीवर बसायचा, तिच्याकडे पाठ करून. दोघं रस्त्याकडे बघत चहा प्यायची. रस्त्यावर बघण्यासारखं काहीही नव्हतं, आणि ते दोघांनी मिळून बरीच वर्षं बघितलं.

"तेमू," गेल्या थंडीत ती म्हणाली होती, "मी मेले की नाही, हे डॉक्टरवर सोडू नकोस. माझा नवरा गेल्यावर त्याने खोकल्याचं औषध लिहून दिलं होतं."

"गेल्यावर?"

"जेवणानंतर दोन चमचे. मी आणूनही ठेवलं. म्हटलं, डॉक्टर आहे, त्याला काहीतरी दिसलं असेल." ती चहा प्यायली. "तू बॅरिस्टरला विचार. पण पावाची लबाडी नको."

तेहेमतनने कप खाली ठेवला. "कसली लबाडी?"

"मी आंधळी नाही. कुत्रा आहे. इतरांच्या वेळी कर, त्यांचं चालतं. त्यांच्याकडे बघायला घरचे असतात. मी गेले तर सगळे घड्याळाकडे बघणार. दख्म्यावर गिधाडंसुद्धा राहिली नाहीत आता. निदान निघताना एकाने तरी मला नीट बघावं."

"अहो, पण त्याला दिसत नाही, आलामाय."

"सोलीशाला दिसतं. त्याने आजवर काय बघितलं?"

"आणि बॅरिस्टरने नाहीच बघितलं तर?"

"मग मी मेले नाही. उठवून चहा दे."

तेव्हा तो हसला होता, आणि हसता हसता शब्द देऊन बसला होता. हसताना माणसाने काही कबूल करू नये.

सोलीशा म्हणजे अध्यक्ष. आता तो खोलीच्या दाराशी उभा राहून मनगटावरचं घड्याळ बघत होता. त्याच्या शेजारी आलामायचा पुतण्या, झाल नावाचा. कॅनडाहून तो काकीला भेटायला नव्हे, घर विकायला आला होता, आणि घर दाखवायच्या दिवशीच ही गेली. मुंबईची रात्रीची गाडी आणि पहाटेचं विमान त्याला गाठायचं होतं.

"मावशी नाही, काकी," त्याने मघाशी कुणालातरी दुरुस्त केलं होतं, आणि मग स्वतःच थोडा वेळ विचारात पडला होता.

"दस्तुरजी," तो आता म्हणाला, "डॉक्टरांचं सर्टिफिकेट आहे ना. ते कुत्र्याच्या जागी धरता येणार नाही?"

"सर्टिफिकेटला भुवया कुठे आहेत?" दस्तुरजी म्हणाले. ते वाईट माणूस नव्हते. त्यांना फक्त एका ओळीनंतर दुसरी ओळ म्हणता यायची, मधली सोडून तिसरी नाही.

"दुसरा कुत्रा चालेल?"

"अडचणीच्या वेळी कुठलाही चालतो."

शेजारच्या हसमुखभाईंची स्वीटी आणली. पांढरी, केसाळ, गळ्यात घुंगरू. हसमुखभाई जैन, त्यांनी कुंपणावरून देतानाच बजावलं, हिला अंड्याचं काही दाखवू नका. झालने तिला काखेत धरून दारापर्यंत आणलं. स्वीटीने आलामायकडे बघितलं नाही, कपाटाकडे बघितलं नाही. ती दस्तुरजींकडे टक लावून बघत राहिली. खूप वेळ. पापणी न हलवता.

दस्तुरजी एक पाऊल मागे सरकले.

"हिला घेऊन जा," दस्तुरजी म्हणाले. त्यांनी नकळत आपली नाडी धरली होती.

मग सोलीशाला मुंबईचा भाचा आठवला. त्याच्या ओळखीच्या माणसाकडे खरा चार डोळ्यांचा कुत्रा होता. "प्रार्थना व्हिडिओवर होतात, बारसं व्हिडिओवर होतं, मग कुत्रा का नाही?" त्याने फोन लावला आणि आलामायच्या चेहऱ्यासमोर धरला. पलीकडे मुंबईच्या कुत्र्याने नाक लावून आधी सगळा पडदा काळा केला. मग मागे सरकला आणि बघायला लागला.

"बघतोय," सोलीशा कुजबुजला. "एकटक बघतोय. दस्तुरजी, या. हलत नाही बघा जरासुद्धा."

दस्तुरजी आले. झालने खांद्यावरून डोकावलं.

"अंकल," तो म्हणाला, "रेंज गेलीये."

समोरच्या भिंतीवरचं ऊन खिडकीच्या कमानीपर्यंत चढलं होतं. तेहेमतनचा उजवा खांदा दुखायला लागला, अजून काही उचललेलं नसतानाच. ओट्यावर केरसी साथीदारांना सांगत होता की उशीर झाला तर रात्री इथेच झोपावं लागेल आणि आपल्याला आपली उशी लागते.

"मग ठरावच करू," सोलीशा म्हणाला. "कुत्र्याने बघितलं, असं समितीने एकमताने मानावं. हात वर करा."

गावात सतरा पारशी उरले होते; त्यांतले अकरा समितीवर होते. ठरावाला सहा लागायचे. हजर पाच.

"आलामाय समितीवर होती," कुणीतरी आठवण दिली. "ती धरली तर सहा होतात."

"ती धरता येते का, त्याचाच तर ठराव आहे," सोलीशा म्हणाला, आणि पहिल्यांदाच थकून भिंतीला टेकला.

तेहेमतन बॅरिस्टरला घेऊन पुन्हा आत आला. बॅरिस्टर रेघेपाशी बसला आणि पायाने कान खाजवायला लागला. तेहेमतनचा हात खिशात गेला. पाव तिथेच होता, कडक झालेला. सगळ्यांची सुटका त्या तुकड्यात होती. झालला गाडी मिळाली असती, केरसीला उशी मिळाली असती. आलामायला काय कळणार होतं? मेलेल्या माणसाला दिलेला शब्द मोडायला सगळ्यात सोपा; तक्रार घेऊन कुणी येत नाही. आजवर त्याने कितीतरी मोडले होते. 'मला हळू उचल' म्हणणाऱ्यांना त्याने दरवाज्याच्या चौकटीत आपटलं होतं. कुणी हूं की चूं केलं नव्हतं.

त्याला आलामायचा राग आला. गावातल्या सगळ्या म्हाताऱ्या गुपचूप, पावाच्या तुकड्यावर गेल्या होत्या. हिलाच का नीट बघायला हवं? बघण्यासारखं काय असतं माणसात? आपल्याकडे कोण बघणार आहे? मी गेलो तर उचलायलासुद्धा गाडी नवसारीहून येईल, आणि केरसी उन्हाची तक्रार करेल.

"आलामाय," तो पुटपुटला, "पुरे झालं आता."

"तुम्ही तिला ओळखत होता?" झाल हळूच त्याच्या शेजारी येऊन उभा राहिला होता.

"चहाला यायचो."

"मला आठवतच नाही तिचं काही. लहानपणी एकदा तिने मला फोनवर पाढे म्हणायला लावले होते. बाराचा." तो थांबला. "तेरापर्यंत पोचलो तेव्हा तिने फोन कट केला. म्हणाली, बिल चढतं."

तेहेमतनला हसू आलं, ते त्याने नाकातून सोडलं. मग त्याने हात खिशातून काढला. रिकामा.

"दस्तुरजी," तो म्हणाला, "नाही बघत तो. सकाळपर्यंत राहू द्या. मी बसतो इथे."

"सकाळपर्यंत?" सोलीशा ताठ झाला. "तेमू, अरे समितीच्या इतिहासात…"

"समितीच्या इतिहासात कुत्र्याचा अर्ज पण आहे," तेहेमतन म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा तो अध्यक्षांचं बोलणं तोडत होता. "तो काढा आधी."

बाहेर हसमुखभाईंकडून चहाची किटली आली होती. मयताच्या घरात चूल पेटत नाही, म्हणून शेजाऱ्यांनी पाठवलेली. कप कमी पडले. केरसीने इकडेतिकडे बघितलं, कोनाड्यातला एक कप उचलला, चहा ओतला, साखर घातली आणि ढवळायला लागला. तडा गेलेल्या कपाचा बसका आवाज ओट्यावरून आत आला.

"तो ठेव," तेहेमतन दारातूनच ओरडला. "तो कप खाली ठेव."

साखळीला हिसका बसला.

बॅरिस्टर उठला होता. कान ताठ. तो आवाजाकडे गेला नाही, डब्याकडे गेला नाही. त्या आवाजानंतर माणूस कुठे सापडतो हे त्याला पक्कं ठाऊक होतं. नाक खाली घालून, रेघ ओलांडून तो थेट लादीपाशी गेला, आलामायच्या उशाशी बसला आणि तोंड वर करून तिच्या चेहऱ्यासमोर धरलं. ठिपक्यांच्या भुवया उंचावल्या. दुधाळ डोळे उघडे. तो हाकेची वाट बघत होता.

केरसीने बाहेर कप खाली ठेवला. दस्तुरजींच्या ओठांवरची प्रार्थना थांबली.

हाक आली नाही.

बॅरिस्टरने मान किंचित तिरकी केली. कधीकधी ती मुद्दाम उशीर करायची, त्याला चिडवायला. तेव्हाही तो असाच मान तिरकी करायचा. मग ती हसायची. तो वाट बघत राहिला. शेपटी एकदा लादीवर घासली गेली आणि थांबली. झालने चेहरा खिडकीकडे वळवला.

खांदियाने मेलेल्याच्या चेहऱ्याकडे बघायचं नसतं, असं तेहेमतनला त्याच्या उस्तादाने शिकवलं होतं. पाय बघावेत, चौकट बघावी, ओझं कुठे जास्त आहे ते बघावं. त्याने तेच केलं होतं, आयुष्यभर. आता बॅरिस्टरची साखळी धरून, त्याच्या मागे गुडघ्यावर बसून, बॅरिस्टरचं तोंड ज्या दिशेला होतं तिकडे त्याने बघितलं.

आलामायच्या डाव्या भुवईत एक तीळ होता. अगदी बारका, केसांत लपलेला. इतकी वर्षं चहा प्यायला, आणि तीळ माहीत नव्हता. वरचा ओठ जरा वाकडा होता, फोनवर बोलताना मिटून धरायची सवय असावी तसा. कपाळावर एका बाजूला दोन सुरकुत्या जास्त. कुठल्या कानाला फोन असायचा, ते तिच्या कपाळावर राहून गेलं होतं. तो बघत राहिला. घाई करावी असं त्याला वाटलं नाही.

बऱ्याच वेळाने बॅरिस्टरने श्वास सोडला, लांब, पोटातून, आणि हनुवटी खाली लादीवर टेकवली.

"बघितलं का त्याने?" दस्तुरजींनी हळूच विचारलं.

"बघितलं," तेहेमतन म्हणाला.

मग सगळं भराभर झालं. प्रार्थना, शेवटचा नमस्कार, लोखंडी शिबिका. केरसीने खांदा दिला आणि नेहमीप्रमाणे म्हणाला, हलकी आहे. तेहेमतन चौकटीपाशी थांबला, त्याने डोकं आधी वळवलं, मग पाय; कुठेही धक्का लागला नाही. मागून पांढऱ्या कपड्यांतली माणसं दोन दोन, रुमालाची टोकं धरून. सोळा पारशांच्या गावात जोड्या अशा जमल्या होत्या की शेवटी सोलीशाला एकट्यालाच रुमालाचं एक टोक धरून चालावं लागलं, दुसरं टोक लोंबत. दख्म्याच्या दारावर ऊन होतं. थोडंच, पण होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी चमचा वाजला नाही, तरी बॅरिस्टर निघाला. तेहेमतन साखळी धरून मागे. घराला मोठं कुलूप होतं. झालने जाण्याआधी सगळं आत टाकून, मोजून, बंद केलं होतं. खुर्चीसुद्धा. फक्त कोनाड्यात दोन कप राहिले होते. ते घरातले नव्हते, म्हणून कुणाच्या मोजणीत आले नव्हते. एकात केरसीच्या चहाचा गाळ वाळला होता.

बॅरिस्टर, जिथे खुर्ची असायची त्या जागेसमोर बसला आणि तोंड वर करून धरलं.

तेहेमतन नळाशी गेला. त्याने दोन्ही कप विसळले, तडा गेलेला जरा सांभाळून, आणि कोनाड्यात एकमेकांशेजारी पालथे घातले. मग पायरीवर बसला. या वेळी रस्त्याकडे पाठ करून.